मर्ज, स्क्वॉश की रिबेस? आमच्या टीमने निर्णय कसा घेतला

आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. ठेवी, कर्जं, रोजकीर्द, रिपोर्ट, मोबाईल अॅपचा सर्व्हर असा सगळा कोड एकाच रेपोमध्ये, म्हणजे गिटने बदलांचा इतिहास ठेवलेल्या सामाईक भांडारात, आहे आणि पुणे व कोल्हापूर मिळून पंधराएक जण त्यावर रोज काम करतात. प्रत्येकजण आपल्या ब्रँचवर, म्हणजे स्वतंत्र शाखेवर, काम करतो; बदलाची एकेक नोंद म्हणजे कमिट, आणि ‘माझे कमिट तपासून मेनमध्ये, म्हणजे मुख्य शाखेत, घ्या’ ही विनंती म्हणजे पुल रिक्वेस्ट. गिटचे रेपो ठेवणाऱ्या गिटहबवर पुल रिक्वेस्ट मेनमध्ये घेण्याचे तीन मार्ग मिळतात: मर्ज कमिट (दोन शाखा जोडणारा जादा कमिट), स्क्वॉश (सगळ्या कमिटचा मिळून एक) आणि रिबेस (सगळे कमिट मेनच्या टोकावर पुन्हा मांडणं). आमच्या रेपोत तिन्ही चालू होते आणि ज्याच्या हाताला जे बसलं होतं ते बटण तो दाबायचा. अशाच रेपोवर काम करणाऱ्या आणि ‘एकदा काय ते ठरवा’ असं सांगितलं गेलेल्या कुणाला तरी उपयोग व्हावा म्हणून आमचा निर्णय कसा झाला ते क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात एप्रिल २०२४ मध्ये झाली. मार्चअखेर उलटून आठवडाही झाला नव्हता आणि एका पतसंस्थेतून फोन आला की काही मुदत ठेवींचं व्याज कमी पडतंय. रक्कम छोटी होती. एक लाखाच्या ठेवीवर नऊ टक्क्यांनी ९१ दिवसांचे २,२४३ रुपये ८४ पैसे यायला हवेत, खात्यात पडले होते २,२३७ रुपये ७० पैसे. सव्वासहा रुपयांच्या आतबाहेरचा फरक, पण तो प्रत्येक ठेवीदाराला पासबुकात दिसतो. २०२४ लीप वर्ष असल्यामुळे दिवसांवर व्याज काढताना कुठंतरी ३६५ ऐवजी ३६६ ने भागलं जात होतं आणि त्या संस्थेचा नियम कायम ३६५ चा होता.

कारण लगेच कळलं. तो बदल कधी, कोणत्या कामातून आत आला ते मात्र कळेना. गिट बायसेक्ट लावलं. चांगला कमिट आणि बिघडलेला कमिट सांगितला की गिट मधला कमिट काढून देतं, आपण तपासून सांगायचं, की ते पुन्हा अर्ध्यावर येतं. हजार कमिट असले तरी दहाएक पायऱ्यांत उत्तर मिळायला हवं. आमच्याकडे तिसऱ्याच पायरीला समोर आलेला कमिट बिल्ड होईना, म्हणजे त्यातून चालणारं सॉफ्टवेअरच तयार होईना. त्याचा संदेश होता ‘डब्ल्यूआयपी’ (वर्क इन प्रोग्रेस, अर्धवट काम). तो वगळला, तर पुढचा ‘डब्ल्यूआयपी २’. मग ‘रिव्ह्यू कमेंट्स’, मग नुसतं ‘फिक्स’. इतके कमिट वगळावे लागले की शेवटी गिटने एक कमिट दाखवण्याऐवजी यादीच दिली: यांपैकी कुठलाही असू शकेल.

दोषी बदल सापडल्यावर तो मागे घेणं हेही काम होऊन बसलं. तो रिबेसच्या बटणाने आत आला होता. म्हणजे त्या पुल रिक्वेस्टमधले सगळे कमिट एकामागोमाग मेनवर मांडले गेले होते. ते कुठून सुरू झाले आणि कुठं संपले याची इतिहासात कसलीही खूण नव्हती. शेवटच्या कमिटपासून उलट्या क्रमाने एकेक रिव्हर्ट करत मागे आलो. तोवर रात्र झाली होती आणि पतसंस्थेचे व्यवस्थापक दर तासाला फोन करत होते. त्यांचं चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, “ताई, तुम्हीच बघा हे. एक पद्धत ठरवा आणि एसओपीत घाला.”

एसओपी म्हणजे कंपनीची लेखी कार्यपद्धती, आणि तीत घालायचं म्हणजे तीन सह्या: प्रोजेक्ट, क्वालिटी आणि माहिती सुरक्षा. मेच्या मध्याला मी पहिला मसुदा पाठवला. त्यात रिबेस, फास्ट-फॉरवर्ड, मर्ज बेस असे शब्द होते आणि क्वालिटीकडून तो ‘व्याप्ती स्पष्ट नाही’ असा शेरा मारून परत आला. मग मी तो त्यांच्या भाषेत लिहिला: उत्पादनात (ग्राहकांच्या चालू सॉफ्टवेअरमध्ये) गेलेला प्रत्येक बदल कोणत्या तिकिटाचा (कामाच्या नोंदीचा), कुणी केला, कुणी मंजूर केला आणि तो मागे कसा घ्यायचा. हे चार प्रश्न आणि प्रत्येकाचं उत्तर रेपोत कुठं सापडेल, एवढंच. हा मसुदा पुढे सरकला. तुम्हालाही सही घ्यायची असेल तर गिटबद्दल लिहू नका, बदलाच्या नोंदीबद्दल लिहा.

याच प्रश्नांमुळे माझाही विचार सुटसुटीत झाला. तोपर्यंत टीममधली चर्चा ‘इतिहास सरळ रेषेत छान दिसतो’ आणि ‘इतिहास जसा घडला तसा ठेवावा’ यातच अडकली होती. दिसण्यावरून कुणाचंच मत बदलत नव्हतं. पुढे कोण, कशासाठी हा इतिहास वाचणार आहे असं विचारल्यावर बोलणं जमिनीवर आलं.

माहिती सुरक्षेच्या अधिकाऱ्यांबरोबरची बैठक जूनमध्ये झाली. ते पूर्वी सहकारी बँकेत होते. फोर्स पुश म्हणजे सर्व्हरवरचा इतिहास पुसून त्याजागी आपला टाकणं, हे मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे किर्दीत खाडाखोड करता तुम्ही?” मेनवर ते बंदच आहे, स्वतःच्या ब्रँचवर रिव्ह्यूच्या आधी चालतं, आणि तिथंही साध्या फोर्सऐवजी ‘फोर्स विथ लीज’ वापरायचं, म्हणजे दुसऱ्या कुणी मधे काही पुश केलं असेल तर ते पुसलं जात नाही, असं सांगितलं. ते त्यांनी मसुद्यात लिहून घ्यायला लावलं.

रिबेसच्या बटणाचा प्रश्न त्यांच्या दुसऱ्याच मुद्द्याने निकाली निघाला. कमिटवर डिजिटल सही पडताळलेली असावी असा त्यांचा आग्रह होता. गिटहबचं रिबेस बटण प्रत्येक कमिट नव्याने बनवतं; त्याचा ओळख-क्रमांक बदलतो, कमिटरची माहिती बदलते आणि मूळ सही टिकत नाही. मर्ज आणि स्क्वॉशमध्ये गिटहब नव्या कमिटवर स्वतःची सही करतं. म्हणजे रिबेसचं बटण बंद. स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या ब्रँचवर रिबेस करायला कुणाचीच ना नव्हती.

उरले दोघं, आणि खरी लढत इथं होती.

कोल्हापूरचे आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, ते मर्ज कमिटच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं मांडते, कारण ते वजनदार आहे. मर्ज कमिटला दोन पालक असतात: पहिला मेनचा, दुसरा ब्रँचचा. गिट लॉगला फर्स्ट-पॅरेंटचा पर्याय दिला की फक्त पहिल्या पालकांची साखळी दिसते, म्हणजे एका पुल रिक्वेस्टची एक ओळ. २०२० मध्ये आलेल्या गिट २.२९ पासून बायसेक्टलाही हा पर्याय आहे. मग स्क्वॉशने मिळतं ते सगळं मिळतं, शिवाय आतले कमिटही शाबूत. आण्णा स्वतः नीट कमिट करतात: आधी नुसतं नाव बदलणं, मग वेगळ्या कमिटमध्ये व्याजाचं गणित. “हे सगळं एकात कोंबलंस तर सहा महिन्यांनी ब्लेम लावून तुला काय दिसणार गं? चारशे ओळींचा एक डोंगर.” (ब्लेम म्हणजे कोणती ओळ कोणत्या कमिटने आली ते दाखवणारी गिटची आज्ञा.)

याचं उत्तर चर्चेत मिळणार नव्हतं. म्हणून रेपोची मिरर क्लोन (हुबेहूब पूर्ण प्रत) घेतली आणि मागच्या तिमाहीतल्या पुल रिक्वेस्ट तिच्यावर दोन्ही पद्धतींनी पुन्हा लावून पाहिल्या. हे सुचवावंसं वाटतं: मूळ रेपोला हात न लावता स्वतःच्याच जुन्या कामावर तपासा. दुसऱ्या टीमचा अनुभव तुमच्या कामाला लागू पडेलच असं नाही. लिनक्स कर्नलमध्ये मर्ज कमिट मोठ्या प्रमाणावर असतात, पण तिथं प्रत्येक उपप्रणालीचा मेंटेनर स्वतःच्या झाडावर काम गोळा करतो आणि मग ते वर पाठवतो. त्या मर्जला स्वतःचा अर्थ असतो. गिटच मुळात २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या कामासाठी लिहिलं. आमच्याकडे मंगळवारी सुरू झालेलं काम गुरुवारी मेनमध्ये जातं.

चाचणीत दोन गोष्टी बाहेर आल्या. पहिली आण्णांच्या विरोधात गेली. आमच्या जुन्या इतिहासात फर्स्ट-पॅरेंटची साखळी जागोजागी वाट चुकलेली होती. मेनवर संरक्षण नव्हतं त्या काळात कुणी आपल्या मशीनवरच्या मेनवर काम करून पुल केलं, मर्ज झाला आणि सरळ पुश केलं, तर त्या मर्जचा पहिला पालक त्याचा स्वतःचा कमिट होतो आणि सगळ्यांचा मेन दुसरा पालक ठरतो. त्या ठिकाणी साखळी एका माणसाच्या ‘डब्ल्यूआयपी’तून जाते आणि बाकीच्यांचं काम बाजूला पडतं. बटणाने मर्ज केलं की क्रम बरोबरच राहतो, त्यामुळे पुढे हे झालं नसतं. पण मर्ज कमिटचा फायदा मिळायला प्रत्येकाने प्रत्येक वेळी फर्स्ट-पॅरेंट आठवणीने द्यायला हवं, आणि रात्री दहाला फोन चालू असताना ते आठवत नाही.

मर्ज कमिट मागे घेण्याचाही एक काटा आहे. रिव्हर्ट करताना कोणता पालक मुख्य ते सांगावं लागतं, तेवढं ठीक. पण नंतर तीच ब्रँच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली तर जुने बदल परत येतच नाहीत, कारण गिटच्या हिशेबी ते आधीच आत आलेले आहेत. आधी केलेला रिव्हर्ट रिव्हर्ट करावा लागतो. आमच्याकडे मोबाईलच्या टीमने यात एक अख्खा दिवस घालवला होता.

दुसरी गोष्ट स्क्वॉशच्या विरोधात गेली आणि ती जास्त महत्त्वाची आहे, म्हणून सावकाश सांगते. आम्ही रिलीज ब्रँच (ग्राहकाला द्यायच्या आवृत्तीची शाखा) काढतो, ग्राहकाची तातडीची दुरुस्ती तिच्यावर करतो आणि मग रिलीज ब्रँच मेनमध्ये परत आणतो. ही परतीची फेरी स्क्वॉशने करून पाहिली. पहिल्यांदा सगळं नीट झालं. मग रिलीजवर आणखी एक दुरुस्ती करून दुसऱ्यांदा आणली, तर पहिल्याच दुरुस्तीच्या ओळींवर कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन बाजूंपैकी कोणता बदल घ्यायचा ते गिटला ठरवता येईना. मर्ज करताना गिट दोन्ही ब्रँचचा अलीकडचा समान पूर्वज शोधतं आणि तिथून कोणत्या बाजूला काय बदललं ते पाहतं. स्क्वॉशने बनलेल्या कमिटला एकच पालक असतो; रिलीज ब्रँचमधून काही आलं याची नोंद त्यात नसते. त्यामुळे समान पूर्वज जुनाच राहतो आणि दरम्यान मेनवर त्या ओळींना कुणी हात लावला असेल तर तोच वाद पुन्हा. दीर्घकाळ चालणाऱ्या दोन ब्रँच एकमेकींत पुन्हा पुन्हा मिसळायच्या असतील तर तिथं स्क्वॉश वापरू नका. यावर माझं मत पक्कं आहे.

मग आम्ही फेरीच बदलली. दुरुस्ती आधी मेनवर, पुल रिक्वेस्टने आणि स्क्वॉश करून. मग तोच एक कमिट चेरी-पिक करून, म्हणजे तेवढाच उचलून, रिलीजवर, ‘एक्स’ हा पर्याय देऊन, म्हणजे मूळ कमिटचा क्रमांक नव्या संदेशात आपोआप लिहिला जातो. मेनवरचा कोड फार पुढे गेला असेल तेव्हा दुरुस्ती थेट रिलीजवर लिहावी लागते. त्यासाठी वेगळं तिकीट आणि मेनसाठी जोडतिकीट उघडायचं. क्वालिटीला ही जोडतिकिटाची कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती स्वतःच्या तपासणी यादीत घातली.

आण्णांच्या डोंगराचं काय? त्यावर पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मी ते त्यांना सांगितलं. नाव बदलणं एका पुल रिक्वेस्टमध्ये आणि गणित दुसऱ्या, असं तोडायचं ठरलं. याने पुल रिक्वेस्टची संख्या वाढते, रिव्ह्यू करणाऱ्याची वाट पाहण्याचा वेळ वाढतो. मूळ कमिट गिटहबवर त्या पुल रिक्वेस्टमध्ये नंतरही पाहता येतात, पण ते नेहमीच्या क्लोनमध्ये उतरत नाहीत. “प्लॅटफॉर्म बदलला तर?” हा प्रश्न माहिती सुरक्षेनेही विचारला. म्हणून स्क्वॉशच्या संदेशातच पुल रिक्वेस्टचं शीर्षक आणि वर्णन यावं अशी सेटिंग केली. ही सेटिंग जरूर बदला. मूळ सेटिंगमध्ये पुल रिक्वेस्टला एकच कमिट असेल तर त्या कमिटचाच संदेश उचलला जातो, मग शीर्षक कितीही चांगलं लिहा, मेनवर ‘फिक्स’च जातं.

खर्चाबद्दल. मर्जच्या आधी ब्रँच मेनशी अद्ययावत असलीच पाहिजे, अशी एक अट गिटहबवर लावता येते. ती हवीशी वाटते, कारण दोन पुल रिक्वेस्ट वेगवेगळ्या हिरव्या (चाचण्यांत पास) असूनही एकत्र आल्यावर मोडू शकतात: एकाने फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याने त्याच वेळी जुन्या नावाने ते वापरलं. कॉन्फ्लिक्ट नाही, तरी बिल्ड मोडलेला. जुलैमध्ये ती अट लावून पाहिली. आमचा बिल्ड वीस मिनिटांचा. गिटहबच्या साध्या लिनक्स मशीनचा तेव्हाचा दर मिनिटाला ०.००८ डॉलर, म्हणजे एका बिल्डचे तेरा-साडेतेरा रुपये. यात काय विशेष? पण एक मर्ज झाला की बाकीच्या सगळ्या उघड्या पुल रिक्वेस्ट मागे पडतात. दिवसात दहा मर्ज आणि आठ जण रांगेत, तर ऐंशी बिल्ड होऊ शकतात, म्हणजे हजार रुपयांच्या वर. पैशांपेक्षा संध्याकाळी पाचनंतर लागणारी रांग जास्त छळायची. ‘अपडेट’ दाबून चहाला जावं, परत येईतो दुसऱ्या कुणी मर्ज केलेलं. यासाठी मर्ज क्यू नावाची, पुल रिक्वेस्ट रांगेत लावून तपासून आत घेणारी सोय आहे, पण खासगी रेपोला ती एंटरप्राइझ क्लाऊडच्या योजनेतच मिळते आणि त्याचा प्रस्ताव वित्त विभागाने बाजूला ठेवला. अट काढली. त्याऐवजी प्रत्येक मर्जनंतर मेनवर सगळ्या चाचण्या चालतात आणि मेन लाल झाला तर त्या दिवशी ड्युटीवर असलेल्याने कुणालाही न विचारता शेवटचा कमिट रिव्हर्ट करायचा. ‘न विचारता’ हे शब्द एसओपीत लेखी आहेत. ते नसते तर नव्या मुलांनी ते बटण दाबलं नसतं.

सह्यांना ऑगस्टचा मध्य उजाडला. मधे माहिती सुरक्षेचे अधिकारी बदलले आणि नव्या अधिकाऱ्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. जूनच्या बैठकीचं टिपण मी त्याच दिवशी मेलने पाठवलं होतं, त्यामुळे तरी आठवडे वाचले.

लागू करण्याआधी एक अडसर होता: नव्या रिपोर्टची ब्रँच जानेवारीपासून जगत होती. ती स्क्वॉश केली असती तर आठ महिन्यांचं काम एका कमिटमध्ये गेलं असतं. तिला अपवाद केला. गिटचं ‘रेरेरे’ चालू करून ठेवलं, म्हणजे एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट गिट लक्षात ठेवतं आणि पुन्हा आला तर तसाच सोडवून देतं. गणपतीच्या सुट्टीआधी ती ब्रँच साध्या मर्ज कमिटने मेनमध्ये आणली. अनंत चतुर्दशी झाल्यावर, सोमवारी २३ सप्टेंबरला, मर्ज आणि रिबेसची बटणं बंद केली आणि मेनवर सरळ इतिहासाची अट लावली. ही अट पुढच्या पुशवर लागते. आधीचे मर्ज कमिट जागच्या जागी राहतात. पुल रिक्वेस्ट ज्याची, बटण त्यानेच दाबायचं, हाही नियम त्याच दिवसापासून.

पहिले दोन आठवडे माझ्या टेबलापाशी कुणी ना कुणी असायचंच. सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते हे: मर्ज झालेली ब्रँच डिलीट करताना गिट म्हणतं, ही पूर्ण मर्ज झालेली नाही. स्क्वॉशनंतर तसंच दिसणार, कारण मेनवरचा कमिट वेगळा आहे. गिटहबवर जांभळं ‘मर्ज्ड’ पाहा आणि मग मोठा डी वापरून उडवा. चुकून भलतीच उडाली तरी रिफ्लॉगमध्ये (आपल्या मशीनवरच्या गिटच्या नोंदवहीत) तिचा शेवटचा कमिट सापडतो. कुठल्याही ब्रँचवरून पोचता न येणाऱ्या नोंदी मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस टिकतात.

दुसरा प्रश्न जास्त घाबरवणारा. नुकताच रुजू झालेला एक मुलगा धावत आला. “मॅडम, मी या फाईलला हातच लावला नाही, तरी मला कॉन्फ्लिक्ट येतोय!” त्याने एका ब्रँचवर दुसरी ब्रँच काढली होती. पहिली स्क्वॉश होऊन मेनमध्ये गेली आणि दुसरीत पहिलीचे मूळ कमिट तसेच राहिले. रिबेस करताना गिट ते कमिट मेनवर पुन्हा लावायला जात होतं. उपाय रिबेसच्या ‘ऑन्टो’ पर्यायात आहे: मेनवर लाव, पण पहिल्या ब्रँचच्या टोकापर्यंतचं सोडून, त्यापुढचं. त्याच्या शेजारी बसून ती ओळ टाईप केली, दोन कमिट लागले, कॉन्फ्लिक्ट शून्य. त्याने ती ओळ चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवली. पहिली ब्रँच डिलीट करण्याआधी तिच्या टोकाचा क्रमांक टिपून ठेवा, एवढं लक्षात असू द्या.

शीर्षकात तिकीट क्रमांक नसेल तर तपासणी लाल होते. ती ऑक्टोबरभर फक्त इशारा देत होती, दिवाळीनंतर सक्तीची केली. एकदम सक्ती केली असती तर लोकांनी कुठलाही क्रमांक ठोकून दिला असता.

जानेवारी २०२५ मध्ये कर्जाच्या हप्त्यांच्या राउंडिंगमध्ये, म्हणजे पैसे पूर्णांकात करण्यात, घोळ निघाला. बायसेक्ट एकदाही न अडखळता एका कमिटपाशी थांबलं, संदेशात तिकीट होतं, रिव्हर्टची पुल रिक्वेस्ट जेवणाच्या सुट्टीआधी मेनमध्ये होती. पण तो कमिट साडेतीनशे ओळींचा होता आणि त्यातल्या नेमक्या कोणत्या ओळीने घोळ केला हे शोधायला दुपार गेली. आण्णांनी काही न बोलता मला त्या कमिटची लिंक पाठवली.

मे महिन्यात एसओपीचं वार्षिक पुनरावलोकन आहे. पुल रिक्वेस्टच्या आकाराला मर्यादा घालायची की व्याज आणि हप्त्यांचं गणित वेगळ्या रेपोत नेऊन तिथं मर्ज कमिट ठेवायचे, असे दोन प्रस्ताव आहेत. दुसरा आण्णांचा आहे आणि सध्या मी त्याच्या बाजूला झुकले आहे. ते तपासायला मिरर क्लोन काढून ठेवली आहे.